सायकलवर चार वाक्यं बोलता येत नाहीत म्हणजे इंग्लिश कच्चं आहे का?

परदेशी जायला आयईएलटीएस ही इंग्लिशची परीक्षा देणारी मुलंमुली माझ्याकडे येतात तेव्हा एक तक्रार हमखास असते, मॅडम रीडिंग लिसनिंग जमतं हो, पण स्पीकिंगला समोरचा साधं सायकलबद्दल विचारतो आणि दोन वाक्यांपुढे काही सुचतच नाही, मग माझं इंग्लिशच कच्चं आहे का, अजून एक क्लास लावू का? क्लास लावायच्या आधी जरा थांबा. एका मुलीचं सांगते, नाव गाव काही देत नाही.

ती मराठवाड्यातली, पुण्यात स्टाफ नर्स. यूकेला जायचं होतं आणि तिथल्या नर्सिंग कौन्सिलला आयईएलटीएस अकॅडमिकच्या स्पीकिंगमध्ये 9 पैकी 7 लागतात, हिला आले 6. बाकी सगळं झालेलं, फक्त इथे अडकलेली. घरी सांगून ठेवलेलं की यंदा जाणार, त्यामुळे झोप उडालेली आणि ड्युटीवर पण पेशंटशी बोलताना आवाज चढायला लागलेला, म्हणून मैत्रिणीने माझ्याकडे पाठवलं.

मी तिला स्पीकिंगच्या तीन भागांतल्या पहिल्या, म्हणजे पार्ट वनमध्ये विचारतात तसा प्रश्न विचारला, डिड यू हॅव अ बाईक व्हेन यू वेअर अ चाइल्ड? तिने श्वास घेतला आणि एका दमात, "येस, सायकलिंग इज अ सस्टेनेबल मोड ऑफ ट्रान्सपोर्टेशन अँड इट इज बेनिफिशियल फॉर अवर एन्व्हायर्नमेंट." पुढे शांतता. मी म्हटलं अगं पण तुझ्याकडे सायकल होती का? तर म्हणाली होती ना.

मग म्हटलं मराठीत सांग, कशी होती. आणि मॅडम बोलायलाच लागल्या! शाळा शेजारच्या गावात, आठवीत मानव विकास या सरकारी योजनेतून मुलींना सायकली मिळाल्या त्यातली एक हिला मिळाली, त्याआधी वडिलांच्या मोठ्या सायकलवर नळीच्या खालून पाय घालून शिकलेली, धाकट्या बहिणीला कॅरिअरवर घेऊन डबलसीट जायची, चेन रोज पडायची म्हणून शाळेत पोचेपर्यंत हात काळे, पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये अडकला की सायकल ढकलत न्यायची, आणि बारावीपर्यंत तिच्या वर्गातल्या ज्या मुलींची शाळा सुटली नाही त्या बहुतेक सायकलवाल्याच होत्या. हे शेवटचं तिने अगदी सहज सांगितलं, मला मात्र ऐकून भरून आलं.

मी विचारलं की हे सगळं परीक्षेत का नाही सांगितलंस. ती जरा गप्प झाली आणि म्हणाली, "मॅडम, फुकट मिळालेल्या सरकारी सायकलचं त्या गोऱ्या माणसाला काय सांगायचं? गरीब वाटतं ते. सर म्हणाले होते हाय लेव्हल शब्द वापरा."

अडचण इथे होती बघा. मुलीला बोलता येत होतं, पण स्वतःचं आयुष्य परीक्षेत सांगण्यालायक वाटत नव्हतं, म्हणून ती दुसऱ्या कुणाची तरी वाक्यं पाठ करत होती, आणि दुसऱ्याची वाक्यं संपली की पुढचं सुचणार कुठून? माझ्याकडे येणाऱ्या खेड्यातल्या मुलांमध्ये ही लाज इतक्या वेळा दिसते की आता मी व्याकरणाच्या आधी तेच विचारते.

तिला मी एक गोष्ट नीट समजावली. परीक्षक तुमचं घर, पैसा, मत यांना मार्क देत नाही. मार्क चार गोष्टींना असतात, न अडखळता सुसंगत बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार, चारही गोष्टींना सारखंच वजन. पाठांतर तर अनुभवी परीक्षकाला लगेच कळतं, कारण पाठ केलेलं वाक्य सुसाट येतं आणि पुढचं वाक्य धडपडतं. आणि मराठी हेल आहे म्हणून मार्क जात नाहीत, समोरच्याला सहज कळलं पाहिजे एवढंच.

मग काम सुरू केलं, कारण लाज गेली तरी शब्द आपोआप येत नाहीत. ड्युटी संपली की एक प्रश्न घ्यायचा, आधी मराठीत मोकळं बोलून फोनवर रेकॉर्ड करायचं, ऐकायचं आणि जिथे इंग्लिश शब्द माहीत नाही तेवढेच लिहायचे. चेन पडली म्हणजे द चेन केम ऑफ, पंक्चर झाली म्हणजे आय गॉट अ फ्लॅट टायर, हवा भरली म्हणजे पम्प्ड अप द टायर, तोल जायचा म्हणजे आय वॉबल्ड. हे शब्द साधे दिसतात पण सस्टेनेबलपेक्षा जास्त कामाचे, कारण ते जागच्या जागी बसतात. पूर्ण उत्तर लिहायला मी सक्त मनाई केली, लिहिलं की पाठ होतंच.

दुसरी चूक काळाची. प्रश्न डिडने सुरू होतो आणि आपली मुलं आय गो टू स्कूल बाय सायकल म्हणून वर्तमानात जातात. तिला सांगितलं, मराठीत मनात "जायचे, पडायची" आलं की तोंडातून यूज्ड टू किंवा वुड आलं पाहिजे. हे एवढं एक पक्कं केलं तरी फरक पडतो. आणि हो, बाईक म्हटल्यावर काही जण भावाच्या पल्सरवर सुरू होतात, तिथे बाईक म्हणजे सायकल हे लक्षात असू द्या. शंका आली तर डू यू मीन अ बायसिकल असं विचारलेलं चालतं.

काही दिवसांनी त्याच प्रश्नाला तिचं उत्तर असं आलं, "येस, आय डिड. आय गॉट वन इन द एट्थ स्टँडर्ड, द गव्हर्नमेंट गेव्ह बाइक्स टू गर्ल्स हू लिव्ह्ड फार फ्रॉम स्कूल. द चेन यूज्ड टू कम ऑफ ऑलमोस्ट एव्हरी डे, सो आय वुड रीच माय क्लास विथ ब्लॅक हँड्स." आणि स्वतःच हसली. पार्ट वनला एवढं पुरेसं आहे, तीनचार वाक्यं. तो पार्टच चारपाच मिनिटांचा असतो, मध्येच थांबवून पुढचा प्रश्न विचारला तर घाबरू नका, त्यांना वेळ पाळायचा असतो.

पार्ट थ्रीमध्ये सरकारने सायकलला प्रोत्साहन द्यावं का असलं काही आलं की ती पुन्हा पर्यावरणावर घसरायची. म्हटलं तू पुण्यात सायकल का नाही चालवत? तर म्हणे सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात आणि नाइट ड्युटीहून येताना भीती वाटते. मग हेच मत! सायकल देऊन भागत नाही, रस्ता सुरक्षित लागतो, गावात सायकलमुळे मुली शाळेत टिकल्या पण शहरात ट्रॅक असून उपयोग नाही. कारण आलं, उदाहरण आलं, तुलना आली, आणि तिसऱ्या पार्टमध्ये नेमकं हेच हवं असतं.

पुढच्या परीक्षेत तिला सायकल आलीच नाही, वेगळेच विषय आले. एका प्रश्नाला अडखळले म्हणाली, पण थांबून आपल्या घरातलं उदाहरण शोधलं आणि बोलत राहिले. 7 आले. रात्रीची झोप मात्र त्याच्या बरीच आधी परत आली होती, आणि माझ्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचं.

ज्यांचं फक्त स्पीकिंग राहिलंय त्यांच्यासाठी एक सांगते, कॉम्प्युटरवर परीक्षा दिली असेल तर 60 दिवसांच्या आत एकच स्किल पुन्हा द्यायची सोय काही केंद्रांवर आहे, पण तुमची युनिव्हर्सिटी किंवा कौन्सिल ते मान्य करते का हे आधी त्यांच्याकडूनच विचारून घ्या, मगच फी भरा.