वाचकांचे प्रश्न : तेल, मौलवी आणि तिजोरीची किल्ली

प्रश्न : आखाती देशांत लोकशाही रुजत नाही ती इस्लाममुळे की तेलामुळे? आमच्या कट्ट्यावर यावरून दर रविवारी जुंपते.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : कट्ट्यावरच्या दोन्ही बाजूंना थोडे नाराज करावे लागेल. धर्माला दोष द्यावा तर इंडोनेशिया आडवा येतो. जगातली सर्वांत मोठी मुस्लिम लोकसंख्या तिथली, आणि १९९९ पासून तिथे खुल्या निवडणुका होत आहेत. सेनेगलही मुस्लिमबहुल, २०२४ मध्ये सत्ताधारी पक्ष हरला आणि पायउतार झाला. उलट, आफ्रिकेतला विषुववृत्तीय गिनी बहुसंख्येने कॅथलिक, पण राष्ट्राध्यक्ष ओबियांग १९७९ पासून खुर्चीवर आहेत. तिथले मोठे तेल १९९० च्या दशकातले. म्हणजे तेलाने हुकूमशहा घडवला नाही, त्याचे बस्तान पक्के केले.

हे होते कसे? पुण्यात राहत्या घराची मिळकतकरातली ४० टक्के सवलत काढली तेव्हा केवढा गदारोळ झाला, आणि २०२३ मध्ये ती परत द्यावी लागली. खिशातून पैसे घेणाऱ्याला लोक जाब विचारतात. राज्यकर्त्याला पैसा थेट विहिरीतून मिळाला की हा जाबच उरत नाही. १९७० मध्ये इराणी अर्थतज्ज्ञ हुसेन महदवी यांनी अशा राज्यव्यवस्थेला ‘रेंटियर स्टेट’, म्हणजे आयत्या मिळकतीवर चालणारे राज्य, म्हटले. तिथे कर नाममात्र, सरकारी नोकऱ्या भरपूर आणि पोलीस त्याहून भरपूर. २०११ मध्ये अरब देशांत उठाव पेटले तेव्हा सौदीचे राजे अब्दुल्ला यांनी सुमारे १३० अब्ज डॉलरची खिरापत जाहीर केली. घरे, बेकारभत्ता, धार्मिक संस्थांना निधी, आणि गृहखात्यात ६०,००० नवी पदे! शेवटचा आकडा कट्ट्यावर जरूर सांगा.

पण तेल असले म्हणजे झाले असे नाही, ते माणशी किती हे पाहावे लागते. साधा हिशेब करा. पिंपाला ७० डॉलर भाव धरू. कुवेत रोज साधारण २५ लाख पिंपे काढतो; वर्षाचे सुमारे ६,४०० कोटी डॉलर. नागरिक १५ लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी ४२,००० डॉलरच्या वर. नायजेरियाची १५ लाख पिंपे धरली तर वर्षाला सुमारे ३,८०० कोटी डॉलर येतात, पण खाणारी तोंडे २२ कोटी. माणशी जेमतेम १७५ डॉलर. उत्पादनखर्च वजा न करता हे चित्र आहे. कुवेतला शांतता विकत घेता येते. नायजेरियात सगळ्यांना वाटायला पुरत नाही, त्यामुळे पैसा मूठभरांतच जिरतो आणि त्यावरून मारामाऱ्या होतात.

मात्र कर आला की मताधिकार मागोमाग येतोच, असे समजू नका. सौदीने २०१८ मध्ये ५ टक्के व्हॅट लावला, जुलै २०२० मध्ये तो १५ टक्क्यांवर नेला. शूरा या सल्लागार परिषदेचे १५० सदस्य आजही राजाच नेमतो. आणि लांब कशाला जायचे? मार्च २०२२ मध्ये पुणे महापालिकेची मुदत संपल्यावर आपणही वर्षानुवर्षे नगरसेवकांशिवाय मिळकतकर भरलाच की.

प्रश्न : मग धर्मगुरूंचा काहीच हात नाही?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आहे, पण त्यांना पगार कोण देते यावर तो ठरतो. सौदीत १७४४ मध्ये सरदार मुहम्मद इब्न सौद आणि धर्मोपदेशक मुहम्मद इब्न अब्दुल वहाब यांच्यात सोयरीक जुळली : तलवार एकाची, फतवा दुसऱ्याचा. तेलानंतर उलेमा, म्हणजे धर्मपंडित, सरकारी पगारावर आले. नोव्हेंबर १९७९ मध्ये मक्केच्या मशिदीचा बंडखोरांनी ताबा घेतला तेव्हा आत सैन्य घुसवायला फतवा मिळाला, आणि बदल्यात उलेमांचा समाजावरचा पगडा आणखी घट्ट झाला. हवा पालटल्यावर मात्र ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने २०१७ मध्ये बायकांच्या गाडी चालवण्याला मुकाट मान्यता दिली. पगारदाराने दुसरे काय करायचे?

इराणमध्ये नेमके उलटे होते. शिया धर्मगुरूंना भाविकांकडून ‘खुम्स’, म्हणजे बचतीचा पाचवा हिस्सा, मिळतो. बाजारपेठेतले व्यापारीही हात मोकळा सोडत. इराणचा राजा शाह याच्या तिजोरीवर हे धर्मगुरू अवलंबून नव्हते, म्हणून त्याच्या विरोधात उभे राहू शकले. १९७८ मध्ये तेलकामगारांनी संप केला आणि शाहची नळीच बंद झाली. पुढे गंमत अशी, की तेलाची तिजोरी धर्मगुरूंच्याच हाती आली. आता निवडणुका होतात, पण उमेदवार चाळते १२ जणांची पालक परिषद. त्यातले सहा फकीह, म्हणजे धर्मशास्त्री, सर्वोच्च नेता थेट नेमतो. उरलेले सहा कायदेपंडित संसद निवडते, पण त्यांची नावे सुचवतो न्यायव्यवस्थेचा प्रमुख, आणि तोही सर्वोच्च नेत्याचाच माणूस.

प्रश्न : नॉर्वे यातून कसा सुटला? एखादा देश कसा पारखावा?
– एक वाचक, औंध

उत्तर : नॉर्वेत संसदेला जबाबदार सरकार १८८४ पासून, सर्व प्रौढांना मत १९१३ पासून, आणि तेल लागले १९६९ मध्ये. जाब विचारायची सवय आधीच मुरलेली होती. १९९० मध्ये कायद्याने तेलाच्या पैशांचा निधी उभारला. २००१ पासून त्यातून वर्षाला सरासरी ४ टक्केच खर्चायचे ठरले, २०१७ मध्ये ते ३ टक्क्यांवर आणले.

पारखताना आधी तेलाचे वर्ष आणि संसदेचे वर्ष शेजारी मांडा. मग सरकारी महसुलात तेलाचा वाटा पाहा. पुष्कळ जण निर्यातीतला वाटा पाहतात आणि तिथेच फसतात. माणशी उत्पन्न काढताना भागायचे ते नागरिकांच्या संख्येने, रहिवाशांच्या नव्हे. कतारमध्ये दहातले जवळपास नऊ जण बाहेरून आलेले असतात, आणि तेल-वायूच्या वाटपात ते मुळी धरलेलेच नाहीत.