मुद्रक स्त्रीला ‘मुद्रिका’ म्हणावे का?

अठराव्या शतकात अमेरिकेतील घरचे छापखाने चालविणाऱ्या स्त्रियांविषयी लिहिताना त्यांना ‘मुद्रिका’ म्हणावे की ‘छापखान्याच्या मालकीणबाई’, अशी पृच्छा एका वाचक भगिनीने केली आहे. माझ्या मते हे दोन्ही शब्द टाळून ‘मुद्रक’ हाच शब्द वापरावा.

लेखक–लेखिका, संपादक–संपादिका या चालीवर ‘मुद्रिका’ हे रूप व्याकरणशुद्ध ठरते, हे खरे. परंतु मारुतीने अशोकवनात सीतेला दिलेली रामाची खूण ज्याला ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला या शब्दाने अंगठीच आठवणार.

‘मालकीण’ या शब्दाची अडचण अधिक खोल आहे. पाटलीण, डॉक्टरीणबाई यांप्रमाणे तो ‘मालकाची बायको’ असाही अर्थ देतो, आणि या स्त्रियांचे काम झाकले गेले ते नेमके याच नात्याखाली. न्यूपोर्टच्या अ‍ॅन फ्रँकलिन (बेंजामिन फ्रँकलिन यांच्या वहिनी) यांनी पती जेम्स १७३५ मध्ये वारल्यावर छापखाना सांभाळला, ऱ्होड आयलंड वसाहतीचे कायदे छापले. मुद्रकाच्या जागी मात्र ‘विधवा फ्रँकलिन’ असे छापलेले आढळते. चार्ल्सटनच्या एलिझाबेथ टिमोथी यांनी १७३८ च्या अखेरीस वैधव्य आल्यावर ‘साउथ कॅरोलायना गॅझेट’ चालू ठेवले, पण त्यावर नाव असे ते पोरवयाच्या पीटरचे, त्यांच्या मुलाचे. पतीला हिशेब जमत नसे आणि बाईंचा हिशेब दर तिमाहीला चोख येई, असे त्यांचे भागीदार बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात आवर्जून नोंदविले आहे. अशा बाईंना केवळ मालकीण म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय मेरी कॅथरीन गोडार्ड तर अविवाहित होत्या. भावाचा बाल्टिमोरचा छापखाना त्या चालवीत आणि एरवी ‘एम. के. गोडार्ड’ असे लिहीत; परंतु जानेवारी १७७७ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा सह्या करणाऱ्यांच्या नावांसह छापताना त्यांनी तळाशी आपले पूर्ण नाव घातले.

वापरताना एक पथ्य पाळावे. ‘मुद्रक टिमोथी यांनी अंक छापला’ या वाक्यात क्रियापद अंकाप्रमाणे चालते, त्यामुळे छापणारी व्यक्ती स्त्री आहे हे कळत नाही, आणि वाचक सवयीने पुरुषच गृहीत धरतो. म्हणून पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव देऊन ‘एलिझाबेथ टिमोथी या चार्ल्सटनच्या मुद्रक होत्या’ असे लिहावे; ‘होत्या’ या क्रियापदानेच लिंग स्पष्ट होते, नामाला वेगळा प्रत्यय लावावा लागत नाही.