आवरलेले घर टिकावे कसे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही राजारामपुरीत दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढ्या फ्लॅटमध्ये राहतो. मी आणि माझे पती दोघेही नोकरी करतो, मुले पाचवीत आणि आठवीत आहेत. नवरात्राआधी आणि दिवाळीआधी मी सारे घर उपसून काढते, पण महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पावसाळ्यात तर वाळलेल्या कपड्यांचा ढीग दिवाणावरून हलत नाही. घरात कोणालाच शिस्त नाही, असे वाटून माझी रोज चिडचिड होते. सवय लागावी म्हणून नेमके काय करावे?
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : नवरात्राआधी घरातले झाडून सारे अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची आपल्या कोल्हापूरची रीत उत्तम आहे आणि ती आपण मोडू नये. मात्र धूळ, ओल आणि कसर घालवणे हे तिचे काम आहे. पसारा रोज होतो आणि तोही घरभर नव्हे, तर ठरावीक चार-पाच जागीच होतो, म्हणून वर्षातून दोनदा कितीही कष्ट उपसले तरी त्याला आळा बसत नाही. घरातल्या माणसांच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी आठवडाभर नुसते पाहावे, की वस्तू कोठे साठतात आणि तेथेच का साठतात.

दिवाणावरच्या ढिगाचेच पाहा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वरून कोरडे लागले तरी शिवणीत, खिशांत आणि कमरपट्टीत ओल राहते. असे कपडे कपाटात ठेवले तर कुबट वास येतो, बुरशी धरते. ते कपाटात ठेवायला मन धजत नाही आणि दोरी तर उद्याच्या कपड्यांना हवी असते, म्हणून सगळे काढून दिवाणावर टाकले जाते. तेव्हा हा केवळ आळसाचा प्रश्न नाही. त्यावर उपाय असा, की जीन्स, टॉवेल, चादरी असे जाड कपडे एकाच दिवशी न धुता आठवड्यात विभागून धुवावेत आणि दोरीची एक बाजू त्यांच्यासाठी राखून ती पंख्याखाली असू द्यावी. पातळ कपडे मात्र दोरीवरून काढतानाच, उभ्या उभ्या, घडी करावेत आणि ज्याचे त्याच्या टोपलीत टाकावेत. आपली मुले आपापली टोपली कपाटापर्यंत नेण्याएवढी नक्कीच मोठी आहेत. घडी नंतर करू म्हणून बाजूला ठेवलेला कपडा त्या दिवशी घडी होत नाही, हे आपणही अनुभवलेले असेल.

खुर्चीवरच्या कपड्यांचे कारण वेगळे असते. एकदा घातलेला, पण धुण्याइतका न मळलेला शर्ट कपाटात ठेवावासा वाटत नाही आणि धुण्यातही टाकवत नाही; त्याला घरात जागाच नसते, म्हणून तो खुर्चीवर जातो. दाराच्या मागे प्रत्येकासाठी दोन खुंट्या लावाव्यात. दोन्ही भरल्या की तिसरा कपडा अडकवण्यापूर्वी एक धुण्यात गेलाच पाहिजे. किल्ल्या, हेल्मेट, रेनकोट यांची जागाही माणूस आत येऊन जेथे पहिल्यांदा हात मोकळे करतो तेथेच, दारापासून हाताच्या अंतरावर असावी. आतल्या खोलीतल्या सुंदर कपाटात नेमून दिलेली जागा पहिल्या दिवसापासून मोकळीच राहते.

आता सवयीविषयी. एकवीस दिवसांत सवय लागते असे आपण सर्वत्र ऐकतो, परंतु लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या, २०१० साली छापून आलेल्या अभ्यासातून निराळे चित्र समोर आले. ९६ जणांनी खाणे, पिणे किंवा व्यायाम यांतील एखादी साधी कृती निवडून ती रोज एका ठरलेल्या प्रसंगाला जोडून १२ आठवडे केली. ती आपसूक होऊ लागण्यास सरासरी ६६ दिवस लागले आणि व्यक्तीव्यक्तींतील अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते; बारा आठवड्यांपलीकडचे आकडे मात्र संशोधकांनी गणिताने काढलेले अंदाज आहेत. त्यातली मला सर्वांत धीर देणारी बाब ही, की मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय घडण्यात विशेष बाधा आली नाही. तेव्हा महिन्याभरात जमले नाही म्हणजे आपल्या घराला जमणारच नाही, हा निष्कर्ष फार घाईचा आहे.

हा ठरलेला प्रसंग नव्याने शोधण्याचीही गरज नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावण्यापूर्वी केर काढायचा, ही रीत अनेक घरांत आजही टिकून आहे. केर काढण्याआधी दहा मिनिटे घरातल्या प्रत्येकाने जमिनीवरच्या, दिवाणावरच्या आणि जेवणाच्या टेबलावरच्या आपापल्या वस्तू जागच्या जागी ठेवायच्या, एवढे एकच काम दिवाबत्तीला जोडावे. नोकरीवरून परतायला उशीर होत असेल तर रात्री ओटा पुसण्याला जोडावे, पण दोन्हींतील एकच वेळ धरावी. पहिले दोन महिने याखेरीज दुसरा कोणताही नियम घरात लावू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एका रविवारी दहा नियम लावून पुढच्या रविवारी एकही न उरण्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

प्रश्न : आमच्या तीन वर्षांच्या मुलीची खेळणी घरभर असतात. वाढदिवसाला, जत्रेला, पाहुण्यांकडून अशी ती सतत येतच राहतात. काढून घ्यावीत तर तिला वाईट वाटेल. काय करावे?
(एक वाचक, कसबा बावडा)

उत्तर : काढून घेऊ नका, फिरती ठेवा. अमेरिकेतील टोलिडो विद्यापीठात लहान मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन निरीक्षण केले गेले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चार खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक निरनिराळ्या तऱ्हांनी खेळलेली आढळली. चार-पाच खेळणी तिच्या हाताशी, उघड्या टोपलीत ठेवावीत, बाकीची पिशवीत बांधून वर ठेवावीत आणि दोन-तीन आठवड्यांनी अदलाबदल करावी. जे खेळणे पुन्हा खाली आल्यावरही ती हातात घेत नाही, ते शेजारच्या अंगणवाडीला देता येईल. तिला झोपवण्यापूर्वी टोपली भरायची ती आपण आणि तिने मिळून. तीन वर्षांच्या मुलीला एकटीला 'सगळे आवर' म्हटले तर कोठून सुरुवात करावी हेच कळत नाही.

प्रश्न : आमचे शिवाजी पेठेत जुने माडीचे घर आहे. माळ्यावर सासूबाईंची तांब्या-पितळेची भांडी, हंडे, परात्या, जुन्या ट्रंका आणि शिवाय कित्येक वर्षांच्या कॅरीबॅग, बरण्या, रद्दी आहे. काहीही काढायचे म्हटले की 'असू दे, लागंल कवातरी' हे उत्तर ठरलेले. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून तर त्या कशालाच हात लावू देत नाहीत. मला घर मोकळे हवे आहे, पण त्यांना दुखवायचे नाही.
(एक वाचक, शिवाजी पेठ)

उत्तर : आपण 'दुखवायचे नाही' असे लिहिले आहे, यातच निम्मे काम झाले. त्यांना न विचारता, त्या गावाला गेल्या असताना माळा रिकामा करण्याचा सल्ला आपल्याला कोणी ना कोणी दिला असेल. तो कृपा करून ऐकू नका. असे एकदा झाले, की उरलेल्या वस्तूंवरची पकड दुप्पट घट्ट होते आणि घरातला विश्वास जातो तो वेगळाच.

त्यांच्या पिढीने 'लागंल' म्हणून ठेवलेली वस्तू खरोखरच लागत असे, हेही ध्यानात घ्यावे. पन्नास माणसांची पंगत घरच्याच भांड्यांत शिजत होती, तेव्हा मोठे पातेले माळ्यावर असणे हा शहाणपणा होता. वर्षाचे धान्य किंवा उन्हाळ्यात करून ठेवलेली कांदा-लसणाची चटणी यांना तर मी आजही अडगळ म्हणणार नाही. तो साठा वापरात येतो आणि संपतो. आज पंगतीची भांडी मंडपवाल्याकडून भाड्याने मिळतात, त्यामुळे त्या पातेल्याचे काम राहिलेले नाही, आठवण राहिली आहे. आठवणीसाठी मात्र अकरा हंड्यांची गरज नसते.

सुरुवात भांड्यांपासून करू नका, कॅरीबॅग आणि रद्दीपासून करा, कारण त्यांत सासऱ्यांची आठवण नाही. एका वेळी एकच पिशवी खाली आणावी, दुपारी चहा झाल्यावर दोघींनी बसून निवडावी आणि 'हे टाकू का?' असे न विचारता 'यातले कोणते ठेवायचे?' असे विचारावे. भांड्यांची पाळी येईल तेव्हा त्यांतील दोन-तीन त्यांच्याच निवडीने खाली आणून चिंच लावून लखलखीत घासावीत आणि रोजच्या पाण्याला किंवा दारातल्या रोपाला वापरात घ्यावीत. काही लेकींना, नाती-सुनांना त्यांच्याच हातून जावीत. उरलेली मोडीत देण्याचा विषय त्यांनी काढेपर्यंत आपण काढू नये.

एक गोष्ट काळजीपूर्वक पाहावी. पती गेल्यानंतर वस्तूंना धरून राहणे स्वाभाविक आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. परंतु उद्या फाटकी पिशवी टाकतानाही त्यांची घालमेल होऊ लागली, झोपायची जागा किंवा चूल वस्तूंनी अडली, तर तो हट्ट समजू नये. वस्तू टाकताच न येणे हा स्वतंत्र मानसिक विकार म्हणून अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत २०१३ पासून नोंदला गेला आहे आणि त्यावर उपचार आहेत. अशा वेळी घरातल्या घरात वाद घालत न बसता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे.

प्रश्न : आमचे घर शाहूपुरीच्या सखल भागात आहे. २०१९ आणि २०२१ अशा दोन्ही महापुरांत पाणी घरात आले. तेव्हापासून सगळे सामान पुठ्ठ्याच्या खोक्यांत भरून वरच्या खोलीत रचले आहे आणि आता तेथे पाय ठेवायला जागा नाही. पुन्हा खाली आणायचे धाडस होत नाही.
(एक वाचक, शाहूपुरी)

उत्तर : ज्याने दोनदा चिखल उपसला आहे, त्याला 'सामान कमी करा' एवढेच सांगणे योग्य होणार नाही, याची मला जाणीव आहे. पण पाणी वाढू लागल्यावर हलवावे लागणारे प्रत्येक खोके त्या वेळी आपलेच हात अडवते, हाही त्या दोन पुरांचाच अनुभव असणार.

पुठ्ठ्याची खोकी आधी घराबाहेर काढावीत. पुठ्ठा हवेतली ओल शोषतो, त्यात झुरळे थारा धरतात आणि कसरीला कागद व खळ आयतीच मिळते. म्हणजे पुरापासून वाचवलेले सामान वरच्या मजल्यावर खराब होते. घट्ट झाकणाचे प्लास्टिकचे डबे घ्यावेत, शक्यतो पारदर्शक, आणि जितके डबे वरच्या खोलीच्या एका भिंतीला मावतील तितकेच. निवडताना एकच प्रश्न विचारावा : हे गेल्या दोन पावसाळ्यांच्या मधल्या काळात कधी उघडले होते का? वर्षभर न उघडलेल्या खोक्यात कागदपत्रे, दागिने, फोटो यांखेरीज फारसे काही ठेवण्याजोगे निघत नाही.

हे काम दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी करण्याची सवय घराला लावावी, कारण जूनमध्ये वेळ मिळत नाही आणि जुलैत उशीर झालेला असतो. खालच्या मजल्यावर रोजच्या वापराचे आणि चार माणसांना तासाभरात वर नेता येईल एवढेच सामान असावे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे, हे आपल्याला पाठच असेल. घरात असे ठरवून ठेवावे, की ३९ फुटांची बातमी आली की गॅस सिलिंडर, मिक्सर आणि गाद्या वर जातील, ४३ ची वाट कोणी पाहणार नाही, आणि कोणी काय उचलायचे हेही मे महिन्यातच नेमून द्यावे.

कागदपत्रांची पिशवी मात्र बाराही महिने भरलेली असावी. घराचा उतारा, खरेदीखत, विम्याची कागदपत्रे, बँकेची पासबुके, मुलांचे दाखले, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, हे सारे जलरोधक पिशवीत घालून दाराजवळच्या खुंटीला, उंचावर अडकवावे. आधार, वाहन परवाना यांसारखी कागदपत्रे डिजिलॉकरमध्येही उतरवून घ्यावीत आणि ती कशी उघडायची हे घरातल्या किमान दोघांना येत असावे.