बॅटरी काढली तरी वायर गाडीतच आहे

खारघरच्या एका वाचकाने विचारलंय ते थोडक्यात असं. घरची डिझेल एसयूव्ही, खाजगी पासिंग, दर दोन-तीन महिन्यांनी कोकणात नाहीतर कुठेतरी लांब जायची हौस. छोटा फ्रीज आणि लाईट चालावेत म्हणून तुर्भ्याच्या एका गॅरेजमधून डिकीत दुसरी बॅटरी बसवून घेतली, साठ हजार दिले. ट्रीप झाली की प्लग काढायचा आणि बॉक्स उचलून घरात आणायचा अशी सोय. गुहागरहून येताना मागच्या सीटखालून धूर आला, कार्पेट आणि सीटचा फोम जळला, आग विझवायच्या सिलेंडरने विझवलं म्हणून सगळे वाचले. गुरुवारी इन्शुरन्सचा सर्व्हेअर येणार आहे आणि मेव्हणे म्हणतात बॉक्स तर काढलाच आहे, वायर पण ओढून काढ आणि गप्प बस, कुणाला कळतंय.

दादा, असं अजिबात करू नका.

तुमचे फोटो मी मोठे करून बघितले. लाल वायर सीटच्या रेलखालून गेलीय, रेलच्या कडेने तिचं कव्हर कापलंय, आतलं तांबं दिसतंय. फ्यूज एकच आहे आणि तो डिकीत, बॉक्सच्या शेजारी. बोनेटमध्ये मेन बॅटरीजवळ फ्यूजच नाही, म्हणजे पुढून मागपर्यंतच्या अख्ख्या वायरला मेन बॅटरीच्या बाजूने कसलंच संरक्षण नव्हतं. आणि लक्षात घ्या, बॉक्स घरात असला तरी ती वायर मेन बॅटरीला जोडलेलीच आहे, आत्ता या क्षणी तिच्यात करंट आहे. म्हणून आधी मोबाईलवर व्हिडिओ चालू करा, ओळखीच्या इलेक्ट्रिशियनला बोनेटमधलं टोक टर्मिनलवरून सोडवायला सांगा, टोकाला टेप गुंडाळा. बाकी वायर, फ्यूज, जळलेला फोम जिथे आहे तिथेच राहू दे, बॉक्स पण जपून ठेवा, विकू नका.

मेव्हण्यांचा सल्ला मायेपोटी असेल पण तो महागात पडेल. नुसती वायर ओढली तरी क्लिपा, भोकं, टर्मिनलवरची खूण राहतेच, सर्व्हेअर रोज हेच बघतो, आणि क्लेममध्ये खोटं सांगितल्याचं एकदा निघालं की जो क्लेम मिळायला पाहिजे होता तोही जातो. खरं सांगितलं तर तुमची बाजू वाटते तेवढी लंगडी नाही. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणाऱ्या पॉलिसीत, आग हा कव्हर असलेला धोका आहे. कंपनी बहुतेक दोन गोष्टी म्हणेल, एक म्हणजे हा इलेक्ट्रिकल ब्रेकडाऊन आहे आणि तो वगळलेला आहे. त्यावर उत्तर असं की बिघडलेल्या वायरचे पैसे आपण मागतच नाही, आगीत जळलेल्या सीट आणि कार्पेटचे मागतोय, आणि वगळलेल्या कलमात केस बसते हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची असते. दुसरं म्हणतील की अॅक्सेसरी कळवली नाही. हे मात्र खरंय, त्यामुळे इन्शुरन्सकडून बॅटरी किटचे साठ हजार मिळायचं विसरा. गाडी बनवणाऱ्या कंपनीने न दिलेल्या इलेक्ट्रिकल फिटिंगसाठी आयएमटी २४ नावाचं कलम असतं, किमतीच्या ४ टक्के जादा प्रीमियम, म्हणजे तुमच्या किटला वर्षाला २,४०० रुपये. कुणी सांगितलंच नाही तुम्हाला, याचं मला खरंच वाईट वाटतं. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, सर्व्हेअरच्या रिपोर्टची कॉपी मागा, तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

आरटीओची भीती मात्र मला फारशी वाटत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी न जुळणाऱ्या बदलांबद्दल आहे आणि डिकीतल्या सुट्या बॉक्सने आरसीतलं काही बदलत नाही असं माझं मत. तरी कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, म्हणून पुन्हा बसवताना गाडीचं मूळ वायरिंग कापून जोडू नका.

आता गॅरेजवाला. खरी चूक त्याची आहे आणि राग यायचा तर त्याचा यावा, लहान मुलं बसतात त्या सीटखालून बिनफ्यूजची वायर नेणं ही कुठल्याच हिशोबाने चालणारी गोष्ट नाही. पक्कं बिल नाही म्हणून तुम्ही हताश झालात, पण यूपीआयची पावती आहे, 'सगळं सेफ आहे भाऊ, टेन्शन नका घेऊ' हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे, एवढं सुरुवातीला पुरतं. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, कारण कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, पुरावा कुठल्या फोनमधून काढला हे सांगणारं प्रमाणपत्र लागतं. आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने, नाही ऐकलं तर ग्राहक आयोग. घटनेपासून २ वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायलाच पाहिजे असंही नाही, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते. नोटिशीत साठ हजार, इन्शुरन्सने न दिलेला दुरुस्तीचा खर्च आणि मनस्तापाची भरपाई वेगवेगळी लिहा. वायरिंग तपासून दुसऱ्या एखाद्या इलेक्ट्रिशियनचं सहीचं लेखी मत घ्या, पण ते सर्व्हेअर बघून गेल्यावरच, आणि गाडी दुरुस्तीला त्यानंतरच टाका.

गुरुवारी सर्व्हेअर आला की बॉक्स स्वतः खाली घेऊन जा, त्याच्यासमोर ठेवा आणि कधी, कुठे, कितीला बसवला ते विचारायच्या आधी सांगा.