खारफुटी समुद्रासोबत मागे सरकते का?

प्रश्न: समुद्राची पातळी वाढतेय म्हणतात, मग खारफुटी बुडून मरणार का? ती तर आधीच पाण्यात उभी असते ना?

उत्तर: पाण्यात असते खरी, पण चोवीस तास नाही. तिवराच्या (हे खारफुटीतलंच एक झाड) बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीसारखी उभी मुळं वर आलेली दिसतात बघा, त्यांच्यावर बारीक छिद्रं असतात आणि ओहोटीला ती उघडी पडली की झाड त्यातून हवा घेतं, ती सतत बुडून राहिली तर झाड गुदमरतं. पण खारफुटी नुसती बसून राहत नाही हां! भरतीसोबत आलेला गाळ मुळांत अडकतो, खाली नवीन मुळं वाढत राहतात आणि जमीनच हळूहळू वर येते. जुन्या गाळाच्या अभ्यासातून दिसलंय की पातळी वर्षाला ६-७ मिलिमीटरपेक्षा जास्त वेगाने वाढली की हे जमणं कठीण, आणि सध्याचा जागतिक वेग ४ च्या आसपास आलाय, म्हणजे फार मोकळीक उरलेली नाही. त्यात नद्यांवर धरणं झाली की गाळच कमी येतो.

दुसरा मार्ग जमिनीकडे सरकायचा, बिया भरतीसोबत आत जाऊन रुजतात, पण मागे भिंत किंवा रस्ता असेल तर जाणार कुठे? मला तर हाच सगळ्यात मोठा धोका वाटतो.

आणि पाणी कमी झालं तरी त्रासच. २०१५-१६ मध्ये ऑस्ट्रेलियात कार्पेंटारियाच्या आखातात एल निनोमुळे (काही वर्षांनी प्रशांत महासागराचं पाणी जास्त तापतं ते) पातळी तात्पुरती खाली गेली, त्यात दुष्काळ आणि उष्णता, ७ हजार हेक्टरहून जास्त खारफुटी वाळली. उलट फ्लोरिडात कडाक्याची थंडी कमी झाल्याने ती उत्तरेकडे पसरतेय.