‘पान तादेउश’मधला ‘पान’: श्री., सरदार की राव?

प्रश्न असा आहे: आदाम मित्स्क्येविचच्या ‘पान तादेउश’ या पोलिश महाकाव्याचं नाव मराठीत कसं न्यावं? ‘श्री. तादेउश’ की ‘सरदार तादेउश’? आणि कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीविषयी वाचताना पोलिश मुलं शिक्षिकांना ‘पानी’ म्हणायची असं दिसतं, तो याच शब्दाचा सगासोयरा का?

उत्तर आधीच सांगते. ‘पानी’ हे ‘पान’चंच स्त्रीरूप. आणि ‘श्री.’ व ‘सरदार’ मला दोन्ही पटत नाहीत, कारण आपल्याकडे ‘पान’ला तोलामोलाचा शब्द आहे: राव.

उच्चाराचं एक सांगून टाकते. रोमन अक्षरं पाहून बरेच जण ‘पॅन’ लिहितात. पोलिशमध्ये तो स्वर मोकळा असतो, आपल्या ‘आ’च्या जवळचा. म्हणून ‘पान’.

आता ‘राव’ का? ‘राजा’पासून प्राकृतातून ‘राय’, ‘राव’ झालं. आधी ती मोठ्यांची पदवी होती, मग वसंतराव, माधवराव अशी नावाला चिकटली, आणि आज ‘काय राव, कुठे होतास?’ असं कुणीही कुणालाही म्हणतं. ‘पान’ही याच वाटेनं आला. मुळात तो गावाचा धनी. पुढे कुणीही सभ्य गृहस्थ. आज ट्रॅममध्ये शेजारी बसलेला अनोळखी माणूसही ‘पान’च, आणि त्याचं संबोधनाचं रूप ‘पान्ये’ बोलता बोलता आपल्या ‘राव’सारखंच मध्येच येतं.

दुसरं साम्य मला जास्त मोलाचं वाटतं. ‘श्री.’ हा कागदावरचा शब्द, ‘या श्री. वसंत, बसा’ असं कुणी म्हणत नाही. ‘पान’ मात्र तोंडातला शब्द आहे आणि तो पहिल्या नावाशी सहज जुळतो. ‘पान तोमाश’, ‘पानी आन्ना’ यांत आदर आहे आणि ओळखही आहे, जशी आपल्या वसंतराव, मालतीबाईंत असते. हुद्द्यालाही तो लागतो: ‘पान दोक्तोर’ म्हणजे आपले डॉक्टरसाहेब.

वाक्यरचनाही मराठी माणसाला ओळखीची वाटेल. ‘चि पान पिये कावे?’ याचा शब्दशः अर्थ ‘पान कॉफी पितो का?’, आणि हे त्या समोरच्या माणसालाच विचारलेलं असतं. ‘साहेब चहा घेणार का?’ असं आपण साहेबांच्या तोंडावर विचारतो तसं. फरक इतकाच की पोलिशमध्ये क्रियापद एकवचनीच राहतं, आदरार्थी बहुवचन लागत नाही. अहो-जाहो सोडून अरे-तुरेवर येणं हा तिथे रीतसर प्रसंग असतो, आणि सुचवायचं ते वयानं मोठ्या माणसानं किंवा बाईनं.

पण हा शब्द नेहमीच असा सर्वांचा नव्हता. पोलिश साहित्य वाचताना तो कुणाच्या तोंडी आहे आणि कुणाला उद्देशून आहे, हे पाहत गेलं की त्या समाजाचा इतिहासच समोर येतो.

१५४३ मध्ये मिकोवाय रेयनं एक संवाद लिहिला, त्यात तीन पात्रं: धनी, गावचा मुखिया आणि पाद्री. त्यातल्या धन्याचं नाव नुसतं ‘पान’. तिघे एकमेकांच्या चुका काढतात आणि खाली रयत भरडली जाते. इथला ‘पान’ जमिनीचा आणि जमिनीवर राबणाऱ्या माणसांचा मालक आहे. कुळानं धन्याच्या शेतात फुकट राबायचं, त्या वेठीला ‘पान्श्चिझ्ना’ म्हणत. शब्द ‘पान’पासूनच आलेला. ‘पान’ म्हणजे नुसतं आदरार्थी संबोधन असं जो सांगतो, त्यानं ही वेठ विसरू नये.

त्याच काळात ‘श्लाख्ता’ म्हणजे उमराव वर्ग आपापसात वेगळ्याच सुरात बोलत होता. हा वर्ग युरोपच्या मानानं फार मोठा, लोकसंख्येच्या सुमारे ८ ते १० टक्के. त्यात अफाट जमिनीचे मालक होते आणि एका वावरावर गुजराण करणारेही होते, पण कायद्यानं सगळे सारखे. ते एकमेकांना ‘पान्ये ब्राच्ये’ म्हणत. ब्रात म्हणजे भाऊ. आपल्या ‘भाऊराव’ची आठवण यावी असं हे संबोधन. १५७३ पासून हेच लोक आपला राजा मतानं निवडत.

तादेउश या वर्गातला. मित्स्क्येविचनं हे काव्य परागंदा असताना लिहिलं आणि १८३४ मध्ये पॅरिसमध्ये छापलं. पोलंडचे लचके १७७२, १७९३ आणि १७९५ असे तीनदा तोडले गेले होते, नकाशावर तो देशच नव्हता. त्यात पोलिशमध्ये राज्यसंस्थेला शब्द आहे ‘पान्स्त्वो’, तोही ‘पान’पासूनचा. आणि हाच शब्द नवराबायकोला मिळून किंवा जमलेल्या पाहुण्यांना एकत्र हाक मारायलाही वापरतात. १२३ वर्षं पहिल्या अर्थाचं ‘पान्स्त्वो’ नव्हतं, दुसऱ्या अर्थाचं घरोघर चालू राहिलं. मित्स्क्येविचचं काव्य अशाच एका घराचं आहे: वाडा, बाग, शिकार, दोन घराण्यांचं भांडण, आणि शिकून घरी परतलेला विशीतला पोरगा. त्याला ‘सरदार’ म्हटलं की तलवार आणि फौज डोळ्यांपुढे येते. तो साधा गावचा घरंदाज तरुण आहे. शेवटच्या, बाराव्या सर्गात तो आणि त्याची वाग्दत्त वधू झोश्या आपल्या कुळांना वेठीतून मुक्त करायचं ठरवतात. जुना कारभारी गेर्वाझी चक्रावतो: स्वातंत्र्य ही कुणब्याची गोष्ट थोडीच, ती तर श्लाख्ताची!

यापुढचं उदाहरण माझं सगळ्यात आवडतं. स्तानिस्वाव विस्प्यान्स्कीचं ‘वेसेले’ म्हणजे ‘लग्न’ हे नाटक १९०१ मध्ये क्राकुवला रंगमंचावर आलं. त्याआधीच्या नोव्हेंबरात एका शहरी कवीचं जवळच्या ब्रोनोवित्से गावच्या शेतकऱ्याच्या मुलीशी खरोखरच लग्न झालं होतं, त्यावरून लिहिलेलं. पडदा उघडतो आणि चेप्येत्स नावाचा शेतकरी एका पत्रकाराला विचारतो: ‘त्सूश ताम, पान्ये, फ पोलितित्से?’ याला मराठीत एकच भाषांतर शोभतं: ‘काय राव, राजकारणात काय चाललंय?’ मग तो चिनी लोकांचं विचारतो. तिकडे तेव्हा परकीयांविरुद्धचा बॉक्सरांचा उठाव ताजा होता. पत्रकार कंटाळून म्हणतो, माझ्या भल्या ‘गोस्पोदाश’, दिवसभर चिनी ऐकून कान किटले. ‘गोस्पोदाश’ म्हणजे शेतीवाडीचा धनी. शब्द चांगलाच, पण शेतकऱ्यानं ‘पान’ म्हटलं आणि उलट ‘पान’ काही आलं नाही, हे कान देऊन ऐकायला हवं. पहिल्या दोन वाक्यांत दोघांमधलं अंतर कळतं. याच भागात १८४६ साली शेतकऱ्यांनी वाड्यांवर हल्ले करून हजाराच्या आसपास माणसं मारली होती. त्या उठावाचा म्होरक्या याकुब शेला दुसऱ्या अंकात भूत होऊन लग्नघरी येतो.

पुढे कम्युनिस्ट राजवटीत पक्षाच्या तोंडी ‘तोवाझिश’ (कॉम्रेड) आला, सैन्यात ‘ओबिवातेल’ (नागरिक). सामान्य लोकांनी ‘पान’ सोडला नाही. १९७४ मध्ये कवी झ्बिग्न्येव हेर्बर्टनं आपल्या कवितासंग्रहाला नाव दिलं ‘पान कोगितो’. तत्त्वज्ञ देकार्तच्या ‘कोगितो’ (मी विचार करतो) या लॅटिन क्रियापदाला लावलेलं हे साधं ‘पान’ मला फार अर्थपूर्ण वाटतं: विचार करणारा एक मध्यमवयीन गृहस्थ, ज्याला कुणाचा कॉम्रेड व्हायचं नाही.

म्हणून माझं मत असं. शीर्षकात ‘पान तादेउश’ तसंच ठेवा, रुळलेलं नाव आहे. आतल्या संवादांत मात्र बेधडक ‘तादेउशराव’ लिहा, काव्याला घरचा आवाज येईल.

राहिली ‘पानी’. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. शाळाही तिथेच होत्या. पोलिश शाळेतलं मूल शिक्षिकेला ‘प्रोशे पानी’ म्हणून हाक मारतं, शब्दशः ‘विनंती आहे, बाई’. आपल्याकडचं पोर बोट वर करून ‘बाई, बाई’ करतं, तेच हे. तेव्हा मराठीत तिथे ‘मॅडम’ घालू नका, ‘बाई’ लिहा. मूळ शब्द ठेवायचा असेल तर मुद्रितं तपासताना ‘पानी’चं ‘पाणी’ होत नाही ना, एवढं पाहा.