पुढून आपटलेली गाडी सुरू होत असली तरी चालवत नेऊ नका

तुम्ही लिहिलंय : काल रात्री डिचोलीच्या अलीकडे पावसात गुरं आडवी आली, गाडी डावीकडे काढताना चिऱ्यांच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर, आदळली, कुणाला लागलं नाही. आता गाडी मामेबहिणीच्या अंगणात उभी आहे, खाली थोडं तेल दिसतंय, पण सुरू होते. म्हणून उद्या म्हापशाच्या गॅरेजात स्वतःच चालवत नेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नेऊ नका. बाकी काही वाचायला वेळ नसेल तर एवढंच वाचा आणि किल्ली घरातल्या कुणाकडे तरी देऊन ठेवा.

जखमींसाठी १०८, फोटो, विमा कंपनीला फोन हे सगळं तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात शिरत नाही. मी वकील नाही, विमा एजंटही नाही. माझ्यावर जे बेतलं तेवढंच सांगतो. तुमच्या पॉलिसीतलं कलम वेगळं असेल तर तेच खरं.

२०१७ चा जुलै. तिस्क-उसगावहून फोंड्याला घरी येत होतो, रात्रीचे साडेनऊ. रस्त्याच्या मधोमध गुरं बसलेली, तुमच्यासारखीच. वाचवायला गेलो आणि पुढचं डावं चाक गटाराच्या काँक्रीटच्या कडेवरून खाली गेलं. खालून खर्रकन आवाज आला. पाच-सहा जण धावून आले, गाडी उचलून वर घेतली. बंपर लोंबकळत होता, तो कुणीतरी सुतळीने बांधून दिला. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. सगळ्यांनाच हायसं वाटलं. घर जेमतेम आठ किलोमीटरवर. जा सावकाश, असं म्हणून लोक पांगले.

निघताना एकाने मोबाईलचा उजेड गाडीखाली धरला होता. तांबड्या गढूळ पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरत चालला होता. मी तो डोळ्यांनी पाहिला आणि रस्त्यावरचंच कुणाच्या तरी गाडीचं तेल असेल असं धरून चाललो. पाऊस नसता तर काळा ओघळ स्वच्छ दिसला असता. पावसात तेल लगेच वाहून जातं, म्हणून तर फसायला होतं.

वाटेत माझं सगळं लक्ष तापमानाच्या काट्यावर. रेडिएटर फुटला असेल तर काटा चढेल, मग थांबू, असा हिशोब. काटा जागचा हलला नाही. कारण तो काटा इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगतो आणि माझं पाणी शाबूत होतं. फुटलं होतं ते इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, ज्याला मेस्त म्हणजे मेकॅनिक लोक ‘चेंबर’ म्हणतात. खांडेपारचा पूल ओलांडल्यावर झारीच्या चित्राचा लाल दिवा लागला. तो दिवा तेलाचा दाब गेल्याचं सांगतो. तो लागला त्या क्षणी इंजिन बंद करायचं असतं, पुढच्या वळणावर नाही, पेट्रोल पंपावर पोचल्यावर नाही. मी म्हटलं, कुर्टी आलीच आहे. मग टक टक टक असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज सुरू झाला आणि गाडी आचका देऊन बंद पडली. दुसऱ्या दिवशी मेस्ताने पान्याने क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवून बघितला, तसूभर हलला नाही. तेलाचा थर नसल्यामुळे बेअरिंगं घासून चिकटली होती.

बंपर, दिवा, चेंबर आणि मजुरी मिळून खर्च अठ्ठावीस हजार. इंजिनाचा वेगळा एक लाख बारा हजार. विमा कंपनीने पहिल्यातले काही दिले, दुसऱ्यातला एक रुपयाही नाही.

कारण पॉलिसीच्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं : अपघातानंतर आवश्यक दुरुस्ती करण्याआधी गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढलं, तर ते वाढीव नुकसान मालकाच्या जोखमीवर. मी ती अट तेव्हा वाचली नव्हती. त्याच पॉलिसीत हेही लिहिलेलं असतं की अपघाताच्या जागेवरून जवळच्या गॅरेजपर्यंत गाडी नेण्याचा खर्च १,५०० रुपयांपर्यंत कंपनी देते. आजच्या क्रेनच्या भाड्यात ते पुरत नाहीत, पण आठ किलोमीटरसाठी मी जे घालवलं त्यापुढे क्रेनचं पूर्ण भाडंसुद्धा काहीच नव्हतं. पॉलिसीला इंजिन प्रोटेक्ट नावाची जोड (अ‍ॅड-ऑन) घेतलेली असेल तर थोडा आधार मिळतो, तरी तिच्याही अटी असतात. तिच्या भरवशावर चालवू नका.

आता विमा कंपनीच्या त्या कार्यालयाबद्दल. नाव लिहीत नाही. पाच खेपा घातल्या, दर खेपेला खुर्चीत नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट सांगायची. नाही म्हणत नव्हते, हो म्हणत नव्हते, ‘वर पाठवलंय, बघू’. गाडी गॅरेजात गंजत होती आणि मी रोज बसने कामाला जात होतो. त्यांनी पहिल्याच दिवशी अट दाखवून स्पष्ट नकार दिला असता तर मी दोन महिने आधी इंजिन करून घेतलं असतं. मला त्या नकारापेक्षा या टोलवाटोलवीचा राग जास्त आहे, अजूनही आहे. म्हणून तोंडी उत्तरावर उठून येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, कारण लेखी मागा. कंपनी महिनाभरात उत्तर देत नसेल किंवा दिलेलं पटत नसेल तर विमा लोकपालाकडे जाता येतं. गोव्याच्या तक्रारी आता पुण्याच्या लोकपालाकडे जातात, वकील लागत नाही, फी नाही. नकार मिळाल्यापासून एका वर्षाची मुदत असते. मी ‘बघू’वर विसंबून इतका थकलो की त्या वाटेला गेलोच नाही. इंजिनाचे पैसे बहुतेक मिळाले नसतेच, पण बंपरच्या रकमेत जी कापाकापी झाली तिचा जाब तरी विचारता आला असता. प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर साध्या पॉलिसीत निम्मी रक्कम कापतात हे नियमातच आहे, त्याच्या वर कापलं तर हिशोब मागा.

तुमच्या गाडीचं आज एवढं करा. अंगणात गाडीखाली कोरडा पुठ्ठा सरकवा आणि तासाभराने बघा. हिरवट किंवा गुलाबी पाणी म्हणजे रेडिएटरचं. काळं-तपकिरी, बोटाला बुळबुळीत लागणारं म्हणजे इंजिनाचं. पुठ्ठ्याचा फोटो तारीख-वेळेसकट ठेवा. काही पडलं नाही तरी गाडी क्रेननेच न्या, अंगणात वर-खाली करून बघण्यासाठीही सुरू करू नका. क्रेनवाल्याला पुढची चाकं उचलायला सांगा, बहुतेक लहान गाड्या पुढच्या चाकांवर चालतात. सपाट ट्रक मिळाला तर उत्तमच. विमा कंपनीचा सर्व्हेयर येऊन नुकसान बघेपर्यंत गॅरेजवाल्याला एक नटसुद्धा खोलू देऊ नका.

गडग्याचा मालक पंचवीस हजार आणि ‘चूक माझी’ असं लेखी मागतोय, असंही तुम्ही लिहिलंय. लेखी काही देऊ नका. कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, भरपाईचं वचन द्यायचं नाही, हीसुद्धा पॉलिसीची अट आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं की २४ तासांच्या आत पोलिसांत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे, म्हणजे तुम्हाला आज रात्रीपर्यंतच वेळ आहे. आधी स्टेशनवर जा, मग त्याच्याशी बोला. दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी खाजगी गाडीच्या पॉलिसीत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत सोय असते. माणूस भला असेल आणि खिशातून देऊन मिटवायचंच असेल तर गवंडी नेऊन किती चिरे फुटले ते मोजून घ्या, पण ते पैसे विम्यातून परत मिळतील असं धरू नका.

विषय निघालाय तर, ज्यांच्या अपघातात कुणाला लागलं असेल त्यांच्यासाठी : २०२५ पासून केंद्राची योजना आहे, ठरलेल्या इस्पितळात जखमीवर पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचार होतात. इस्पितळात पोचल्यावर या योजनेबद्दल विचारा.

पुठ्ठ्यावर काय पडलं ते इथे कळवा. मी रात्री दहापर्यंत जागा आहे. फोंड्याकडचा क्रेनवाला डिचोलीला येतो का ते विचारून ठेवतो.